पेरणाऱ्याने वाटेवर बी का टाकले?
बायबलच्या चार ओळींतून अर्ध्या तासाचा उपदेश कसा उभा राहतो

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलातले डोईफोडिया हे गाव मध्य प्रदेशात येते, पण मेळघाट शेजारी असल्याने मराठी इथे परकी नाही. कापूस, सोयाबीन, मका पिकवणारा हा पट्टा. इथल्या शेतकऱ्याने चाड्यावर मूठ धरली की बी नळीतून थेट तासात उतरते. तिफणीची जागा आता बऱ्याच शिवारांत ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्राने घेतली, तरी महागाचे बी वाया जाऊ द्यायचे नाही हा नियम तोच आहे.

अशा शेतकऱ्याला बायबलमधली पेरणाऱ्याची गोष्ट सांगून पाहावी. एक माणूस पेरायला निघतो. त्याचे काही बी वाटेवर पडते आणि पाखरे ते टिपतात. काही खडकाळ जागेत पडते. तिथे माती थोडी, म्हणून रोप झटकन वर येते आणि उन्हाने करपते. काही काट्यांत पडते नि गुदमरते. उरलेले चांगल्या जमिनीत पडते आणि तीसपट, साठपट, शंभरपट पीक देते. ऐकणारा पहिला प्रश्न हाच विचारील, की हा कसला शेतकरी? वाटेवर आणि काट्यांत बी टाकलेच कशाला?

ही गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात जेमतेम सहा वचनांची आहे. वाचायला मिनिटभरही लागत नाही. तिच्यावर रविवारच्या उपासनेत अर्धा तास उपदेश होतो आणि तीन पाळकांनी केला तर तीन वेगळे उपदेश ऐकायला मिळतात. मग ही सगळी शिकवण उताऱ्यातच असते, की उपदेशक ती पदरची घालतो? याचे उत्तर मिळवायचे तर उपदेश तयार कसा होतो ते पाहावे लागते.

आधी वाचन, मग उलगडा

ग्रंथातला भाग मोठ्याने वाचायचा आणि मग तो लोकांना समजावून द्यायचा, ही रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, तिचे ठसठशीत चित्र सापडते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीपुढच्या चौकात जमले आहेत. खास त्या दिवसासाठी लाकडी मंच उभारला आहे. एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी नावाचे मंदिरसेवक जमलेल्यांना त्याचा अर्थ सांगतात. अर्थ कळल्यावर लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की रडू नका, जेवा आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांच्याकडे वाढून पाठवा. वाचन, उलगडा आणि त्यातून निघालेली कृती हे उपदेशाचे तिन्ही भाग या एकाच प्रसंगात दिसतात.

येशूनेही हीच रीत पाळली. लूकच्या चौथ्या अध्यायात तो नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याची गुंडाळी उघडून वाचतो, ती परत देतो, खाली बसतो आणि बोलू लागतो. आधी गावकरी खूश होतात. मग तो जुन्या करारातली दोन उदाहरणे देतो, ज्यांत देवाची कृपा परक्या लोकांना मिळते. ते ऐकून हेच गावकरी त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. उदाहरणे त्यांच्या ओळखीचीच होती. आज त्यांचा रोख आपल्याकडे वळला, एवढेच त्यांना झोंबले.

उतारा कोण निवडतो?

याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत निवड उपदेशकाच्या हाती नसतेच. कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरलेले असते: पहिल्या वर्षी प्रामुख्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहानाचे भाग मधूनमधून येतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ सालच्या नाताळाआधीच्या आगमनकाळापासून हे चक्र सुरू झाले. त्यामुळे १९७७ साली स्थापन झालेल्या खांडवा धर्मप्रांतात, ज्यात बुऱ्हाणपूरचा भाग येतो, आणि वसईच्या मराठी मिस्सेत एकाच रविवारी शुभवर्तमानाचा एकच उतारा वाचला जातो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रोटेस्टंट मंडळ्यांचे एकीकरण नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाले. त्याच्या मंडळ्यांतही वर्षाच्या सणांप्रमाणे वाचने नेमलेली असतात. या पद्धतीचा फायदा असा की उपदेशकाला अवघड उतारे टाळता येत नाहीत.

दुसरी पद्धत एकच पुस्तक ओळीने घेण्याची. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोम या धर्मगुरूने एकट्या मत्तयावर ९० प्रवचने केली. प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनला १५३८ साली जिनिव्हातून घालवून दिले होते. १५४१ साली परत बोलावल्यावर तो मंचावर चढला आणि हद्दपारीबद्दल तक्रारीचे भाषण न करता, जिथे थांबला होता त्याच्या पुढच्या भागापासून त्याने उपदेश सुरू केला.

तिसरी पद्धत विषयाची. लग्न, दुष्काळ, परीक्षा, व्यसन असा विषय घ्यायचा आणि त्याला जुळणारी वचने गोळा करायची. संजीवन सभांमध्ये आणि घरोघरच्या प्रार्थनांत हीच जास्त दिसते. ती लोकांच्या गरजेला लगेच भिडते, पण घसरण्याची भीतीही तिच्यातच जास्त. विषय आधी ठरला की त्याला सोयीचे वचन शोधून काढणे सोपे असते.

मागची-पुढची ओळ

बायबलमधले अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँगटन या इंग्लिश धर्मपंडिताने पाडले. नव्या करारातल्या वचनांचे आजचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाच्या १५५१ सालच्या आवृत्तीतून आले. आकड्यांमुळे वचन शोधणे सोपे झाले, तसेच ते एकटे उचलून नेणेही सोपे झाले.

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले अकरावे वचन याचे ठळक उदाहरण. देवाच्या मनात तुमच्या हिताच्याच योजना आहेत, अशा आशयाचे हे वचन कॅलेंडरांवर आणि भिंतीवरच्या पाट्यांवर हमखास दिसते. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणालाही ते दिले जाते. पण हा मजकूर बाबेलात बंदी होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातला आहे. आदल्याच वचनात म्हटले आहे की सुटकेला सत्तर वर्षे लागतील. त्याआधी त्यांना सांगितले आहे की तिथेच घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात बंदी आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढांना सुटकेचा दिवस दिसणार नव्हता. सातबाऱ्यावर मालकाचे नाव वाचून, ‘इतर हक्क’ न पाहताच विसार देणाऱ्याची जी गत होते, तीच असे एकटे वचन घेणाऱ्याची होते. नाव खरेच असते, पण त्यावरचा बोजा दुसऱ्या रकान्यात लिहिलेला असतो.

जबाबदार उपदेशक ते वचन टाकून देत नाही. तो श्रोत्यांना आधी पत्राचा संदर्भ सांगतो. मग आशेचा अर्थ बदलतो: उद्याची मुलाखत यशस्वी होईल ही हमी त्यात उरत नाही; नको असलेल्या ठिकाणीही घर बांधून राहायचे बळ मात्र उरते.

शेतकरी वेडा नव्हता

आता वाटेवरच्या बियाण्याकडे येऊ. पॅलेस्टाइनमध्ये गहू आणि जव शरद ऋतूतल्या पहिल्या पावसाच्या सुमारास पेरत. पेरणी हाताने बी फेकून होई. चाडे आणि नळी असलेली तिफण तिथे नव्हती. शेतातून पायवाटा जात. गालीलाच्या टेकड्यांवर मातीच्या पातळ थराखाली लगेच खडक लागे आणि तो वरून दिसत नसे. योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाच्या मते तिथे आधी बी फेकून नंतर नांगर फिरवत, त्यामुळे वाटही नांगरली जाणार हे पेरणाऱ्याला ठाऊक असे. सगळ्या अभ्यासकांना हा क्रम मान्य नाही. पण फेकून पेरताना थोडे बी इकडेतिकडे जाणारच, एवढे नक्की. येशूच्या श्रोत्यांना गोष्टीच्या सुरुवातीत काहीच विचित्र वाटले नसणार.

त्यांना धक्का बसला असेल तो शेवटाला. कोरडवाहू जमिनीत एका दाण्याचे शंभर दाणे होणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. उत्पत्तीच्या २६व्या अध्यायात इसहाकाला शंभरपट पीक येते, ते देवाच्या आशीर्वादाची खूण म्हणून. म्हणजे आजचा शेतकरी गोष्टीच्या पहिल्या ओळीला अडतो आणि शेवटची सहज सोडून देतो. त्या काळचा पहिली सोडून देत असे आणि शेवटच्या ओळीला कान टवकारत असे. पार्श्वभूमी सांगण्याचे काम इथे कळते. ती सांगितली नाही तर श्रोता भलत्याच ठिकाणी अडून बसतो.

एक उतारा, किती अर्थ?

पेरणाऱ्याच्या गोष्टीचा अर्थ शुभवर्तमानातच पुढे दिला आहे. बी म्हणजे वचन आणि जमिनी म्हणजे ऐकणाऱ्यांचे प्रकार: ज्यांच्यापर्यंत ते पोचत नाही असे, संकट येताच गळणारे, चिंता आणि पैशाच्या मोहात गुदमरणारे, आणि फळ देणारे. एवढी चौकट ठरलेली असूनही उपदेश वेगळे का होतात? कारण उपदेशक उभा कुठे राहतो ते बदलते. एक जमिनीजवळ उभा राहतो आणि श्रोत्याला विचारतो, तू यांपैकी कोणता? दुसरा पेरणाऱ्याजवळ उभा राहून म्हणतो, जमिनीची प्रत न पाहता पेरत जा. तिसरा खळ्यावर उभा राहतो आणि एवढी नासाडी होऊनही शेवटी रास पडली याकडे बोट दाखवतो. तिन्हींना उताऱ्यात आधार आहे.

आधार सुटतो कुठे, हे चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीच्या इतिहासात दिसते. यरुशलेमेहून यरीहोला उतरणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. यहूदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोन्यांपैकी एक जण थांबतो आणि जखमीला उतारशाळेत नेऊन दोन दीनार देतो. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. चौथ्या-पाचव्या शतकांतल्या संत ऑगस्टीनने यातल्या प्रत्येक वस्तूला अर्थ लावला: जखमी म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च, उतारशाळेचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल. ही रूपके शतकानुशतके गाजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अडोल्फ युलिखर या जर्मन अभ्यासकाने त्यांना जोरदार हरकत घेतली. दाखल्याचा मुख्य मुद्दा एकच असतो, प्रत्येक खुंटीला टोपी टांगायची नसते, असे त्याचे सांगणे होते.

त्याची एकच मुद्द्याची अटही पुढच्या अभ्यासकांना फार कडक वाटली. तरी एक साधी कसोटी त्यातून मिळाली: गोष्टीच्या पहिल्या ऐकणाऱ्याला हा अर्थ सुचला असता का? ही गोष्ट एका शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारल्यावर सांगितली गेली आणि शेवटी येशूने प्रश्न फिरवला, की शेजाऱ्यासारखा वागला कोण? त्या शास्त्र्याला पौल सुचणे शक्य नव्हते. आपण ज्यांना हलके लेखतो त्यांच्यातला माणूस आपल्याला धडा देऊन गेला, हे मात्र त्याला नक्की कळले.

कीर्तनाच्या चौकटीत शुभवर्तमान

उतारा समजला तरी तो श्रोत्यांच्या कानाला रुचेल असा मांडायचा प्रश्न राहतोच. मराठीत त्याचे पहिले मोठे उत्तर गोव्यात मिळाले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या पुराणात श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री गुरू त्यांना उत्तर देतो. ते चर्चमध्ये वाचले जात असे.

महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोचले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हाती घेतले. कवी कृष्णराव सांगळे हे त्यांतले ठळक नाव. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि ओवीला ख्रिस्ती उपासनेत मानाची जागा मिळवून दिली. १९१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

कीर्तनाची बांधणी उपदेशाला चपखल बसते. नमनानंतर मूळ पद येते. पूर्वरंगात त्यातल्या तत्त्वाचे निरूपण होते. नामगजरानंतर उत्तररंगात आख्यान रंगते आणि शेवटी कीर्तनकार मूळ पदाकडे परत येतो. उधळ्या पुत्राची गोष्ट या साच्यात घालून पाहावी. पूर्वरंगात क्षमेचे निरूपण येईल. आख्यानात धाकटा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. तो सगळे उडवून डुकरे राखायला लागतो आणि घरी परततो तेव्हा वडीलधारा बाप मानमरातब विसरून धावत सुटतो. वाटणी, भाऊबंदकी, गावाची कुजबुज यातले मराठी श्रोत्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही.

गोष्ट मात्र थोरल्या भावापाशी संपते. तो रागावून अंगणात उभा आहे. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूश्यांना आणि शास्त्र्यांना ही गोष्ट सांगितली, हे अध्यायाच्या सुरुवातीलाच दिले आहे. म्हणून धाकट्याच्या पश्चात्तापावर थांबणारा उपदेश अर्धाच राहतो. मूळ रोख अंगणात उभ्या असलेल्यावर आहे.

भाषेचा प्रश्न डोईफोडियासारख्या भागात आणखी गुंततो. मराठी, निमाडी, हिंदी या एका कुळातल्या. शेजारच्या डोंगरातली कोरकू मुंडा कुळातली. कोरकूंमध्ये काम करणारे मिशनरी जॉन ड्रेक यांनी १९०३ साली तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. बहुभाषी सभेत दुभाषी वाक्यावाक्याला भाषांतर करतो. तिथे लांबलचक वाक्ये कामाची नसतात, गोष्ट मात्र बिनबोभाट पार होते.

शिकवण कुठे वळते

शेवटची पायरी सर्वांत निसरडी: तेव्हाचा अर्थ आजच्या माणसाला लागू करणे. मत्तयाच्या २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून दिवस कलेपर्यंत पाच वेळा बाजारात जाऊन मजूर आणतो आणि संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दीनार देतो. दिवसभर राबलेले कुरकुरतात. मालकाने मजुरी मनाला येईल तशी द्यावी, असा धडा यातून काढला तर बागायतदार खूश होतील. पण आदल्या अध्यायात पेत्र विचारतो आहे की सर्व सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? गोष्ट त्या हिशेबी वृत्तीला उत्तर आहे. देवाची कृपा तासांवर मोजली जात नाही, हा तिचा गाभा. शिवाय गोष्टीतला मालक कोणाचाही रोज कापत नाही. उशिरा काम मिळालेल्याच्या घरीही पूर्ण दिवसाचे धान्य जाते. कामासाठी गाव सोडणाऱ्या मजुरापुढे आणि त्याला कामावर ठेवणाऱ्यापुढे हा उतारा वाचला, तर दोघांना वेगवेगळे पण प्रामाणिक काही सांगता येते.

चौकट : उपदेश ऐकताना पाच प्रश्न

१. वाचलेल्या उताऱ्यावरच उपदेश झाला, की उतारा वाचून बाजूला ठेवला?
२. मागचा-पुढचा मजकूर सांगितला का?
३. गोष्ट पहिल्यांदा कोणाला आणि कशावरून सांगितली गेली?
४. उताऱ्यात नसलेली भर कोणती? याजक जखमीला टाळून का गेला, हे लूक सांगत नाही; कारण उपदेशकच पुरवतो.
५. शिकवणीचा रोख श्रोत्यांकडे आहे, की गैरहजर असलेल्या दुसऱ्या कोणाकडे?

तपासून घेण्याचा अधिकार

असे प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे काहींना वाटते. बायबलचे मत उलट आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल आणि सीला बिरुया गावी येतात. तिथले लोक उत्सुकतेने ऐकतात आणि पौल सांगतो ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी रोज शास्त्र उघडून बसतात. त्याबद्दल त्यांना बोल लावलेला नाही. थेस्सलनीकेच्या लोकांहून ते अधिक मोठ्या मनाचे होते, अशी त्यांची स्तुती केली आहे.

मराठीत तपासायला साधनेही आहेत. संपूर्ण बायबल मराठीत एकोणिसाव्या शतकातच आले. पंडिता रमाबाईंचे हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले सोप्या मराठीतले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. लूकचा पंधरावा अध्याय अवघ्या ३२ वचनांचा आहे. पुढच्या वेळी उधळ्या पुत्रावर उपदेश असेल तेव्हा तो पहिल्या वचनापासून घरी वाचून मगच उपासनेला जावे.